पाच ईअरफोन, एक तंबोरा : तुलनेच्या प्रकल्पाच्या नोंदी

२९ जून २०२५

आज यादी पक्की झाली. काकांचे जुने शूर एसई२१५, माझे एटिमोटिक ईआर२एसई, धाकटीचे सेनहायझर आयई २००, आणि वर्गणी काढून घेतलेले दोन: मूनड्रॉप चू २ आणि ट्रूथिअर झीरो रेड. पाचही डायनॅमिक ड्रायव्हरचे (डीडी, छोट्या स्पीकरसारखा पडदा हलवून आवाज काढणारे), आणि तेही मुद्दाम. बॅलन्स्ड आर्मेचर (बीए, बारीक पत्ती हलवून आवाज काढणारे) आणि हायब्रिड (दोन्ही एकत्र) आत घेतले की 'बीएचा डिटेल' विरुद्ध 'डीडीचा बास' हे भांडण सुरू होतं आणि मोजायचं राहून जातं. ते पुढच्या खेपेला.

चू २ आणि आयई २०० यांच्या बाजारात आल्या वेळच्या किमती बघितल्या तर सात-आठ पटींचा फरक आहे. आमच्या चौघांत (मी, धाकटी बहीण, तबला वाजवणारा मित्र आणि शेजारचे काका) या फरकावरूनच सगळी वादावादी चालते. काकांचं म्हणणं, "अरे, पैसे कुठेतरी ऐकू येतातच." मित्राचं म्हणणं, डग्गा नीट आला की बाकी काही का असेना.

एक नियम ठरवला. आवाजाची पातळी, टिप (ईअरफोनच्या तोंडावरची मऊ टोपी) आणि ईअरफोन कानात किती आत गेला आहे, या तीन गोष्टी बांधून घेतल्याशिवाय कुणी विशेषण वापरायचं नाही. 'खुला', 'कोरडा', 'गोड', 'पडदा बाजूला झाल्यासारखा' हे सगळे शब्द ऑगस्टपर्यंत बंद. काकांना हे अजिबात आवडलं नाही.

५ जुलै

कपलर, म्हणजे ईअरफोन मोजायचा कृत्रिम कान, आला. अस्सल नव्हे. अस्सलच्या किमतीत एखादी चांगली स्कूटर येते. हा चिनी बनावटीचा, काही हजारांतला. पण हौशी मंडळींचे बहुतेक ग्राफ याच जातीच्या कपलरवर काढलेले असतात, त्यामुळे निदान ताडून बघता येईल.

आत एक नळी, बाजूला छोटे कप्पे आणि टोकाला माइक. माणसाच्या कानाची नळी आणि पडदा आवाजाला जसा प्रतिसाद देतात तसाच द्यावा, अशी त्याची मापं ठरलेली असतात. मानक मूळचं १९८१ चं, आयईसी ७११. आता त्याचा क्रमांक आयईसी ६०३१८-४ आहे, तरी सगळे '७११' च म्हणतात. दहा किलोहर्ट्झच्या वर त्याच्यावर विसंबायचं नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण ग्राफचं उजवं टोक बघून भांडणारे याच घरात आहेत.

पहिल्या स्वीपमध्ये (खालून वरपर्यंत सरकणारा चाचणीचा सूर) ५० हर्ट्झवर खुंटी, १५० वर दुसरी: विजेची गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढला, खुंट्या गेल्या. यापुढे सगळी मापं बॅटरीवर. मोजणीचं सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड. फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

आता ८ किलोहर्ट्झच्या शेंडीबद्दल. प्रत्येक ग्राफमध्ये तिथे एक उंच टोक दिसतं आणि नवखा माणूस म्हणतो, 'बापरे, किती टोचत असेल!' ते बरंचसं ईअरफोनचं नसतंच. ईअरफोनचं तोंड आणि माइक यांच्यामध्ये जी हवेची नळी उरते, तिचा तो अनुनाद. ईअरफोन आत ढकलला की नळी आखूड होते आणि टोक वरच्या कंप्रतेकडे सरकतं. बाहेर ओढला की खाली येतं. म्हणून रिवाज असा पडला आहे की ते टोक ८ किलोहर्ट्झवर येईल इतकाच ईअरफोन आत घालायचा, म्हणजे निदान सगळे ग्राफ एका मापाचे होतात. एटिमोटिक या रिवाजात बसत नाही. तीन कडांची टिप लावून तो कानात खूप आत जातो, त्याचं टोक वरच राहतं. त्याला ८ वर आणायला बाहेर ओढला तर सील, म्हणजे हवाबंद बसणं, सुटतं. म्हणून त्याच्यापुरता वेगळा नियम: टिपची शेवटची कड नळीच्या काठाशी येईपर्यंत आत.

१२ जुलै

आजचा पूर्ण दिवस टिपांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. आम्ही 'ईअरफोनचा बास' म्हणून जे बोलतो त्यातलं निम्मं टिपचं असतं.

कपलरमध्ये चू २ घट्ट बसवून स्वीप घेतला. मग टिपच्या कडेखाली तांब्याच्या तारेचा एक पातळ धागा ठेवून पुन्हा घेतला. एवढ्याशा फटीनं २०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरणीला लागला. ५० हर्ट्झपाशी तर ग्राफ असा कोसळला की हा वेगळाच ईअरफोन वाटावा. वरचं सगळं जसंच्या तसं. कानात हीच फट पडली तर माणूस म्हणणार, 'स्वच्छ आहे, पण बारीक आहे.' आणि तसं लिहूनही मोकळा होणार.

आयई २०० ची गंमत वेगळी. त्याच्या नळीवर टिप बसवायच्या दोन जागा आहेत. आत दाबून बसवली तर बास भरलेला, बाहेरच्या खाचेत बसवली तर थोडी हवा सुटते आणि बास उतरतो. कंपनीनंच ती सोय ठेवली आहे. धाकटी आजवर बाहेरच्या खाचेतच वापरत होती आणि 'सेनहायझरला बास नाही' हे तिचं मत आमच्या गटात पक्कं झालेलं होतं. आत दाबून दिली. तिनं काही बोलायच्या आत नियमाची आठवण करून दिली.

सील तपासायची घरगुती पद्धत ठरवली: ४० हर्ट्झचा सूर आणि ५०० हर्ट्झचा सूर आलटून पालटून लावायचे, जबडा हलवायचा, तोंड उघडायचं-मिटायचं. ४० चा सूर जबड्याबरोबर कमी-जास्त झाला की टिप बदलायची. प्रत्येकानं आपली टिप निवडली. माझ्या डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी लागते. हे बऱ्याच जणांचं असंच असतं, पण दोन्हीकडे एकच माप लावून वर्षानुवर्षं 'उजवा ड्रायव्हर कमजोर' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

१३ जुलै

कपलरमध्ये प्रत्येक ईअरफोन काढून पुन्हा बसवून स्वीप घेतले. एक किलोहर्ट्झच्या खाली सील नीट असेल तर रेषा एकमेकींवर पडतात. सहाच्या वर पुंजका पसरतो, काही ठिकाणी तीन-चार डेसिबलपर्यंत. याहून बारीक फरकाबद्दल वरच्या पट्ट्यात आम्ही बोलणार नाही. पावसाळी हवेमुळे कपलर रात्री सिलिका जेलच्या डब्यात.

२० जुलै

ऐकायला काय लावायचं यावरून आठवडाभर खल चालला. बाजारातल्या ध्वनिमुद्रणांची अडचण अशी की मूळ आवाज कसा होता ते आपल्याला माहीत नसतं. गायक माइकपासून किती लांब होता, मागाहून कुणी काय वाढवलं, काहीच कळत नाही. मग ज्याला मूळ आवाज रोज कानावर पडतो, त्यालाच ते वापरता यावं म्हणून आम्ही घरचा तंबोरा आणि मित्राचा तबला स्वतः मुद्रित केला. रात्री उशिरा, पाऊस थांबल्यावर. पत्र्यावर थेंब पडत असताना घेतलेलं सगळं फेकून दिलं.

तंबोरा मिरजेचा, काळी एकला लावलेला. जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्ज ६९ वर. आणि इथेच एक गोष्ट आहे, जी ईअरफोनवाले क्वचित बोलतात. खर्जाच्या तारेतला ६९ हर्ट्झचा मूळ घटक मुळात फार बलवान नसतो. जवारीचा धागा घोडीवर नेमक्या जागी सरकवला की तार घोडीच्या वळणावर घासत कंप पावते आणि वरच्या स्वरांशांचा पाऊस पडतो. आपल्याला खर्ज ऐकू येतो तो बराचसा त्या स्वरांशांवरून मेंदूनं जुळवलेला असतो. म्हणजे बास कमी असलेल्या ईअरफोनमध्येही खर्ज जात नाही. पण २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा जरा हलला की जवारी बदलते. ट्यूनिंग (कुठला पट्टा किती मोठा वाजतो तो तोल) ढळलेला ईअरफोन तंबोऱ्याचा धागा सरकवल्यासारखा वागतो.

तबल्याचं उलट. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की शाईमुळे तबल्याच्या पुडीचे स्वरांश सुरेल नात्यात येतात; साध्या ढोलक्याच्या पुडीत ते तसे नसतात. म्हणून 'ना' आणि 'तिं' मध्ये स्वर ऐकू येतो. उजवा काळी एकला, म्हणजे २७७ हर्ट्झ. डग्ग्याची मींड मात्र खाली, शंभर हर्ट्झच्या अल्याडपल्याड फिरते, आणि ती ईअरफोनच्या बासची खरी परीक्षा. बास नुसता जास्त असून भागत नाही. मनगट पुढे सरकतं तसा सूर चढताना प्रत्येक पायरी सारख्या वजनाची हवी. मित्रानं पाच मिनिटं नुसती घुमाऱ्याचीच कामं वाजवली. 'हे कोण ऐकणार?' असं विचारल्यावर म्हणाला, "मी."

आणखी एक तुकडा धाकटीच्या आवाजाचा, काळी पाचमधला आलाप. 'स' आणि 'श' चे उच्चार तपासायला एक गद्य परिच्छेदही तिनंच वाचला.

२७ जुलै

पातळी जुळवण्याचं काम वाटलं त्याहून किचकट निघालं.

का जुळवायची हे सांगायला नको. दोन सारख्या आवाजांत जो अर्धा-एक डेसिबल मोठा तो 'जिवंत', 'जास्त डिटेल' वाटतो. शिवाय कानाची बासला दाद देण्याची ताकद पातळीबरोबर बदलते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये त्या वक्ररेषा काढल्या, म्हणून आवाज वाढवला की बास फुकटात भरलेला वाटतो.

पण कुठे जुळवायची? १ किलोहर्ट्झच्या एका सुरावर जुळवलं तर शूर सगळ्यांहून मोठा वाटतो, कारण त्याचा फुगवटा त्याच्या खाली आहे. पूर्ण पिंक नॉइजवर (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेला चाचणीचा खळखळाट) जुळवलं तर बासवाल्यांवर अन्याय. त्यांचा गळा दबतो. शेवटी ३०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ एवढाच पिंक नॉइजचा पट्टा घेतला, जिथे गळा आणि तबल्याचा उजवा राहतो, आणि कपलरवर ०.२ डेसिबलच्या आत सगळे एका पातळीला आणले. ही निवड आमची आहे. पॉप ऐकणारा दुसरा पट्टा घेईल आणि त्याचं उत्तर वेगळं येईल.

पातळी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवली. आठवड्याला चाळीस तास आणि ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आहे. काकांना ७५ 'कुजबुज' वाटते. तीच तर काळजीची गोष्ट आहे, पण तो वेगळा विषय.

३ ऑगस्ट

पहिली बैठक, डोळे उघडे ठेवून. प्रत्येकानं वेगळ्या कागदावर लिहायचं, बोलायचं नाही, मग चहा, मग कागद उघडायचे.

माझ्या कागदावरून, थोडक्यात. शूर: गळा जवळ, डग्ग्याला वजन, पण तंबोरा मावळलेला, जवारीवर कुणी ओला पंचा टाकल्यासारखा. चू २: तंबोरा झळझळीत, 'श' किंचित पुढे. झीरो रेड: बास आहे, पण तो खाली बसलेला, गळ्यात मिसळत नाही, त्यामुळे धाकटीचा आलाप सगळ्यांत सुटा. आयई २००: वरचा भाग उजळ, टिप आत दाबलेली असताना खालचाही भरलेला. एटिमोटिक: डग्गा हलका, पण त्याची मींड सगळ्यांत स्पष्ट, तंबोरा घरातल्यासारखा.

चौघांच्या कागदांत एकवाक्यता दोनच ठिकाणी होती. शूरमध्ये तंबोरा झाकला जातो हे काकांनीही लिहिलं, स्वतःचा ईअरफोन असून. आणि रेडमध्ये गळा सुटा आहे हे सगळ्यांनी. बाकी, विशेषतः वरच्या पट्ट्याबद्दल, प्रत्येकाचं वेगळं. आयई २०० माझ्या कागदावर 'उजळ', मित्राच्या 'टोचतो', काकांच्या 'छान मऊ'. काकांच्या वयात ८-१० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं कमी होतं, ते एक कारण. पण धाकटी आणि मित्र एकाच वयाचे आहेत, आणि त्यांचंही जमेना.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा, धाकटी दिवसभर घरी. पुरणपोळीनंतर तिला कामाला लावलं.

वरच्या पट्ट्यातला गोंधळ शोधायचा होता. ५ ते १२ किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावला आणि जिथे तो अचानक मोठा वाटेल तिथे हात वर करायला सांगितलं. एकच ईअरफोन, चू २. माझा हात जिथे वर गेला त्याच्या बऱ्याच पुढे तिचा गेला. मग तिच्या कानात तो अर्धा मिलीमीटर बाहेर ओढला, तर तिचा हात खाली सरकला. कपलरमध्ये जे ५ जुलैला दिसलं होतं तेच हे, फक्त माणसाच्या कानात. तिची कानाची नळी अरुंद आणि आखूड, लहान टिप असूनही ईअरफोन पडद्याच्या जवळ पोचतो, शेंडी वर जाते. माझ्या कानात तीच शेंडी धाकटीच्या 'स' वर येऊन बसते.

म्हणून 'याचा ट्रेबल टोचतो' हे वाक्य खरं असू शकतं आणि तरी दुसऱ्याच्या काहीच उपयोगाचं नसू शकतं. ग्राफवरून ट्रेबल ठरवणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांनी चिनी नळीचा अनुनाद वाचलेला असतो. ब्रूएल अँड केअरच्या ५१२८ सारखी मोजणीची नवी कृत्रिम डोकी माणसाच्या कानाशी जास्त जुळतात, पण तिथेही ते एक सरासरी डोकं आहे, धाकटीचं नाही.

१७ ऑगस्ट

झीरो रेडसोबत डब्यात एक छोटा अडॅप्टर येतो, दहा ओहमचा. तो मध्ये लावला की बास वाढतो. मित्राला तो लावलेलाच आवडतो, काकांना तो 'काहीतरी बंद केल्यासारखा' वाटतो. दोघंही बरोबर ऐकत होते, पण वेगवेगळ्या गोष्टी.

रेडचा रोध (इम्पिडन्स, विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) साडेसतरा ओहमच्या आसपास. त्याच्या आधी दहा ओहम जोडले की विभागणीत साधारण चार डेसिबल आवाज उतरतो. काका अडॅप्टर घालून-काढून ऐकत होते, आवाज न जुळवता. त्यांना उतरलेली पातळी ऐकू येत होती. रेडमध्ये दोन ड्रायव्हर आहेत, त्यांच्यात आवाजाचे पट्टे वाटून देणाऱ्या विभाजकामुळे रोध सगळ्या कंप्रतांवर सारखा नाही, म्हणून उतार सगळीकडे सारखा पडत नाही: खालचा भाग कमी उतरतो. पातळी जुळवली की तो फरक बास म्हणून ऐकू येतो. तोच अडॅप्टर चू २ ला लावून बघितला. आवाज उतरला, जुळवल्यावर रेषा जागच्या जागी. एकच ड्रायव्हर, जवळपास सपाट रोध, बदलायला काही नाही.

काकांकडचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मग यादीतून बाद. त्याच्या हेडफोन जॅकमागे स्पीकरच्या आउटपुटवरून आलेला मोठा रेझिस्टर आहे. तशा जॅकवर रेडसारखा ईअरफोन स्वतःचा आवाज विसरतो. सगळं ऐकणं आता फोनच्या यूएसबी-सी डोंगलवरूनच, ज्याचा रोध एखादा ओहम आहे. दिसायला दरिद्री, कामाला उत्तम.

२४ ऑगस्ट

केबल आणि बर्न-इन (नवा ईअरफोन तासन्‌तास वाजवला की आवाज सुधारतो हा समज), एका बैठकीत उरकले.

चू २ खोक्यातून काढल्या काढल्या मोजला होता. तेव्हापासून तो रात्र-रात्र पिंक नॉइजवर पडून होता, मित्राच्या आग्रहावरून. आजचा स्वीप आणि जुलैचा स्वीप यांच्यातला फरक काढून पुन्हा बसवण्यातल्या फरकाएवढाच. केबलचंही तेच: सोबतची आणि मित्रानं वेगळी घेतलेली चांदीचा मुलामा दिलेली वेणीची केबल, दोन्हींच्या रेषा एकमेकींखाली लपतात. मित्राला ती केबल कानामागे मऊ बसते म्हणून आवडते. ते कारण मला पटतं आणि तेवढं पुरेसं आहे.

२८ ऑगस्ट

गणपती बसले. गल्लीत ढोल-ताशा, कपलर म्हणजे आता मंडळाचं मापयंत्र. अनंत चतुर्दशीपर्यंत मोजणी बंद. एटिमोटिक मात्र कामात आहे, संगीताशिवाय, नुसता कानात घालून. कंपनी ३५ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज अडतो असं सांगते. ताशाची धार तरी नक्कीच जाते.

१४ सप्टेंबर

आता मुख्य अडचण. ईअरफोनची अंध चाचणी नीट होतच नाही. डोळे बांधले तरी कानाला कळतं: एटिमोटिक आत टोचतो, शूर कानाच्या वाटीत भरून बसतो, चू २ चा धातू थंड लागतो. काकांचा ईअरफोन काकांनी डोळे झाकून पहिल्याच स्पर्शात ओळखला.

हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वापरलेला उपाय उचलला. एकच ईअरफोन कानात ठेवायचा आणि इक्वलायझरनं त्याला बाकीच्यांचे आवाज द्यायचे. वाहक म्हणून झीरो रेड घेतला, अडॅप्टरशिवाय. चौघांच्या कानात तो नीट बसतो आणि सील टिकतं. कपलरवरच्या रेषांवरून प्रत्येकासाठी फिल्टर काढले, पण सात किलोहर्ट्झच्या वर काहीही छेडलं नाही. राखीच्या दिवशी जे दिसलं त्यानंतर तिथलं अनुकरण करणं म्हणजे कपलरची शेंडी दुसऱ्याच्या कानात ओतणं.

यात वरचा पट्टा सुटतो, कवचाचा फिट सुटतो. उरते ती सात किलोहर्ट्झपर्यंतची ट्यूनिंग. पण तंबोरा, गळा आणि तबला या तिघांचं बहुतेक सगळं तिथेच आहे.

या पाच रूपांना क, ख, ग, घ, च अशी नावं. अक्षरं कुणाची ते फक्त लॅपटॉपला माहीत.

२१ सप्टेंबर

आधी एबीएक्स (अ आणि ब ऐकवून, तिसरा 'क्ष' त्यांपैकी कोणता ते ओळखायची चाचणी), फूबार२००० या संगीत वाजवायच्या प्रोग्रॅमच्या जोडणीवर. सोळापैकी बारा बरोबर आले तरच 'फरक ऐकू येतो' म्हणायचं. नुसत्या अंदाजानं बारा किंवा अधिक येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे.

शूर आणि एटिमोटिक यांची जोडी चौघांनी ओळखली, अगदी बोलत-बोलत. चू २ आणि रेड ही जोडी तंबोऱ्यावर मला आणि धाकटीला जमली, काकांना गद्यावर जमली, मित्राला फक्त डग्ग्यावर. एकाच फरकाला चौघांनी चार दारांतून गाठलं. आयई २०० टिप आत आणि टिप बाहेर, ही एकाच ईअरफोनची दोन रूपं सगळ्यांनी ओळखली, आणि तीही चू २ विरुद्ध रेडपेक्षा सहज. म्हणजे धाकटीनं आजवर केलेली खाचेची निवड ही आमच्यापुरती वेगळा ईअरफोन घेण्याहून मोठी निवड होती.

मग पसंतीचा क्रम. मित्राचा ऑगस्टमधला क्रम आणि आजचा क्रम हुबेहूब एक. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी ईअरफोन ऐकतच नाही. डग्ग्यावर मनगट पुढे गेलं की नाही तेवढं बघतो." आम्हा बाकी तिघांचे क्रम हलले. माझ्याकडे एटिमोटिक पहिल्यावरून तिसऱ्यावर आला, रेड वर गेला. काकांकडे आयई २०० खाली आणि चू २ वर. धाकटीचा तिचाच आयई २०० (टिप आत) पहिला आला, आणि तिनं तो ओळखलेला नव्हता.

किमतीचं म्हणाल तर २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं तपासून किंमत आणि ट्यूनिंग यांचा संबंध सापडत नाही असं दाखवलं होतं. आमच्या पाचांवरून काही सिद्ध होत नाही. पण काकांचं अंध यादीतलं पहिलं अक्षर 'घ' उघडलं आणि ते सगळ्यांत स्वस्त निघालं, तेव्हा ते म्हणाले, "मग पैसे जातात कुठे?" धाकटीनं तिच्या आयई २०० चं कवच त्यांच्या हातात ठेवलं: इतकं लहान की झोपतानाही कानात राहतं. चू २ धातूचा, तासाभरानं तिला कानाच्या वाटीत जाणवतो. काकांनी ते मान्य केलं, पण 'हा आवाज नव्हे' हेही ऐकवलं.

५ ऑक्टोबर

आवराआवर. विशेषणांवरची बंदी उठली, पण कागदावर आता शब्दापुढे टिप आणि पातळी लिहायची सवय लागली आहे. काकांनी काल फोनवर सांगितलं, "मऊ आहे. मध्यम टिप, रोजचाच आवाज." रोजचा म्हणजे किती ते विचारलं नाही.

शूर काकांकडेच. त्यांच्या फोनवर एक फिल्टर घालून दिला: ३ किलोहर्ट्झपाशी उचल, २०० च्या आसपास थोडी उतरंड. तंबोरा बराच वर आला. पूर्ण नाही, वरची जवारी फिल्टरनं ओढून काढली की कर्कश होते, म्हणून मध्येच थांबलो. चू २ आणि रेड वर्गणीचे, ते फिरते राहतील. एटिमोटिकसाठी मित्राला हवा होता तो डग्गा, त्याची मांडणी इथे लिहून ठेवतो, कारण तो दर आठवड्याला विचारतो:

लो-शेल्फ (खालचा सगळा पट्टा उचलणारा फिल्टर) १०५ हर्ट्झ, क्यू (उताराची धार) ०.७, अधिक ४ डेसिबल. प्रीगेन (एकूण आवाज आधीच उतरवणं) उणे ४, नाहीतर सम फुटेल. टिप तीन कडांची, कान वर-मागे ओढून आत, आणि बसल्यावर ४० हर्ट्झचा सूर जबडा हलवून तपासायचा.

पुढच्या खेपेला बॅलन्स्ड आर्मेचरवाले. एक जण ईआर४एसआर द्यायला तयार आहे. दिवाळीनंतर, फटाके संपले की.